पेनी ब्लॅकची जोडी आणि तो अंगठा

३९७ पौंड गेले. पेनी ब्लॅक, म्हणजे जगातलं पहिलं टपाल तिकीट; त्याच्या जोडीचे ३८५ आणि ‘विमा उतरवलेल्या’ टपालाचे १२. पंचवीस वर्षं तिकिटं जमवून हे लिहायची लाज वाटते, पण तो माणूस अजून विकतोय.

‘आजीच्या माळ्यावर अल्बम सापडला’ ही कथा इंग्लंडात राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. मलाही होती. तरी जिथे जाहिरात होती त्या विक्रीच्या साइटच्या बाहेर, थेट त्याच्या खात्यात पैसे भरले. किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती हो! चारी बाजूंना समास (छापाभोवतीची कोरी कड) आणि लाल माल्टीज क्रॉसचा, म्हणजे तिकीट वापरलं गेल्याचा, टपालाचा शिक्का. कुणीही भुललं असतं.

नाही, कुणीही नाही. १८४० च्या पेनी ब्लॅकचा ताव २४० तिकिटांचा: २० ओळी, ओळीत १२. म्हणजे ओळ एका शिलिंगची, ताव एका पौंडाचा. खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरं असतात, डावं ओळीचं, उजवं ओळीतल्या जागेचं. पहिलं तिकीट ए-ए, शेवटचं टी-एल. पर्किन्स बेकन या छापखान्यात ही अक्षरं छपाईच्या प्लेटवर हाताने ठोकत. शेजारच्या दोन तिकिटांवर तीच अक्षरं येणं शक्यच नाही. हे मी गेल्या वर्षी तिकीट जमवणाऱ्यांच्या मंडळात स्लाइड लावून सांगितलंय!

फोटोत जोडी चिमटीत धरलेली, अंगठा बरोब्बर उजव्या कोपऱ्यावर. मी बघत बसलो लाल क्रॉस. ‘अंगठा काढून फोटो पाठवा’, एवढंच लिहायचं होतं. लोक फसवल्यावर अंगठा दाखवतात, याने आधीच दाखवला होता.

पाकीट आलं. चहा गाळता गाळता बायको म्हणाली, “अहो, दोन्हीवर जी-डीच आहे. असं असतं का?” भिंग काढलं. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके! खरं तिकीट पोलादात कोरलेल्या रेषांवरून छापलेलं. उजेडात धरलं, तर वॉटरमार्कचा मुकुटही नाही.

मागच्या बाजूचा फोटो मागाच. आणि थेट खात्यात पैसे नकोत म्हणजे नकोत.

बँक म्हणाली, वस्तू मिळाली ना, मग हा तुमचा आपसातला वाद. साइट म्हणाली, व्यवहार आमच्याकडे झालाच नाही. पोलिसांच्या फोनवर ५० मिनिटं संगीत ऐकलं. मग बाईंनी विचारलं, “ती तिकिटं पत्राला चालणार नाहीत का?” आता काय बोलणार! वर तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणा म्हणे, त्याचे पैसेही मीच भरायचे. एक क्रमांक मिळाला. १८ दिवसांनी मेल आला: तपास होणार नाही, काळजी घ्या. काळजी घ्या!

लाल पेनीत, म्हणजे पेनी ब्लॅकनंतरच्या लाल तिकिटातही, असले धंदे चालतात. १८५४ नंतरच्या तिकिटाची दातेरी कड कापून ते आधीचं म्हणून खपवतात, समास मोजून घ्या. पेनीच्या चारही कोपऱ्यांत अक्षरं दिसली तर माल १८६४ किंवा नंतरचा, विकणारा काहीही सांगो.

काल तो परत दिसला. नाव नवं, आजी नवी, ‘प्लेट ११’, ४५० पौंड. नखावर तीच आडवी भेग, अंगठा उजव्या कोपऱ्यावर.