‘आउटपुट गेलाय’ म्हणाला आणि मी मान डोलावली

बाबांनी १९७९ साली कुवेतहून आणलेला सॅन्सुईचा अ‍ॅम्प्लिफायर आमच्या मालवणच्या घरात चाळीसेक चवथी तरी वाजला असेल. गेल्या आषाढात त्याचा उजवा स्पीकर मधेच जायला लागला. आवाज मोठा केला की खरखर करून परत यायचा, बारीक केला की पुन्हा गुल.

खरं तर एवढ्यावरूनच दोष कळायला हवा होता. असले अ‍ॅम्प चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो, तो प्रोटेक्शन रिलेचा, म्हणजे आत सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडणाऱ्या स्विचचा. स्पीकरला ताकद देणारा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर स्पीकरच्या वाटेवर डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज येते आणि मग रिले बसतच नाही. आमचा रोज बसत होता. म्हणजे ट्रान्झिस्टर बरे होते, काळे पडले होते ते रिलेचे चांदीचे काँटॅक्ट. समुद्र घरापासून हाकेवर, पत्र्याचे खिळेसुद्धा इथे दोन पावसाळ्यांत गळतात, तिथे काँटॅक्टचं काय घेऊन बसलात! बारीक आवाजाचा करंट त्या काळपटातून पलीकडे जात नाही, मोठ्या आवाजाचा जातो.

हे शहाणपण आताचं. तेव्हा चवथ तोंडावर आलेली आणि मला घाई. पाहुण्यांच्या ओळखीतून एक मेकॅनिक आला, झाकण न उघडताच म्हणाला, “आउटपुट गेलाय. मेन कंडेन्सरपण सुकलेत. ओरिजिनल जपानी माल टाकतो, परत बघायला नको.” शेजारचे काका पडवीतून बघत होते. म्हणाले, “उघडल्याशिवाय याका कसा कळला रे?” मी त्यांनाच गप्प केलं.

तीन आठवडे सेट त्याच्याकडे. हरतालिकेच्या संध्याकाळी घेऊन आला, तपासायला वेळ कुणाला? वहीच्या पानावर बिल: ट्रान्झिस्टर ४, मेन कंडेन्सर २, मजुरी, एकूण ९,५०० रुपये. जुने पार्ट मागितले तर “ते भंगारात टाकले.” उजवा स्पीकर वाजत होता, मी पैसे मोजले.

चवथ पार पडली. नंतर पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी जरा मोठ्याने लावला, तर जळका वास आला, रिले सुटला आणि मग काही केल्या बसेना. फोन केला तर, “तुमच्याकडे लाईट डीम-फुल होते, मी काय करणार?” दुसऱ्या फोनपासून नंबर बंद.

मग मी स्वतः उघडला. आधी मेन कंडेन्सर रिकामे केले. बंद केल्यावरही त्यांत बराच वेळ चार्ज राहतो, म्हणून १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर लावून, मीटरवर शून्य बघून मगच हात घातला. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करणारे लोक मला माहीत आहेत, त्यांचं अनुकरण नको. ‘नवीन’ कंडेन्सर काळेभोर चकचकीत. पण बुडाशी कारखान्यातला तपकिरी डिंक जसाच्या तसा, एक तडाही नाही. न उचलता कंडेन्सर बदलला कसा? ब्लेडने वरची स्लीव्ह कापली, तर खाली जुनंच कव्हर, जपानी कंपनीच्या नावासकट. गरम हवेने बसणारी नळी वरून टोपीसारखी चढवली होती, बस.

ट्रान्झिस्टर मात्र खरोखर बदलले होते, आणि खरं दुखणं तिथेच होतं. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला तर वरचा छाप निघून आला. (नुसत्या यावरून ठरवू नये, जुन्या असली मालाचा छापही कधी जातो.) मीटरवर दोन पूर्ण शॉर्ट. त्यातल्या एकाची धातूची टोपी कापली. असल्या मोठ्या पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये चार-पाच मिलिमीटरचा सिलिकॉनचा चौकोन असतो, याच्यात तिळापेक्षा जरा मोठा ठिपका. तो बारीक आवाजाला टिकला हेच नवल. माझे चारही असली, धडधाकट ट्रान्झिस्टर तो घेऊन गेला होता. ते नंबर आता बनत नाहीत, शौकीन लोक शोधत असतात. भंगारात खचितच गेले नसणार.

रिलेकडे त्याने काय केलं? काँटॅक्ट थोडे पुसले असावेत, म्हणूनच तर उजवा स्पीकर वाजला. नवा २४ व्होल्टचा रिले मला पुढे दीडशे रुपयांत मिळाला. तेवढंही नको असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली साध्या कागदाची पट्टी काँटॅक्टमधून ओढा. पॉलिश पेपर अजिबात नको, चांदीचा थर जातो.

सेट बाहेर द्यायचाच असेल तर उघडून आतले फोटो काढा, प्रत्येक ट्रान्झिस्टरवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या आणि जुने पार्ट हातात येईपर्यंत पैसे देऊ नका. परत आला की थेट प्लगला नको, आधी १०० वॅटच्या बल्बच्या सिरीज बोर्डवर, म्हणजे वीज बल्बमधून जाऊन मग सेटला मिळेल असा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भगभगत राहिला तर लगेच बंद करा. स्पीकर न जोडता अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवं.

भाच्याने अधिकृत विक्रेत्याकडून एमजे १५०२४ आणि १५०२५ या ट्रान्झिस्टरच्या जोड्या मागवून कोकणकन्येने कुडाळला पाठवल्या. डावी बाजू चालू झाली, उजव्या बाजूचे ड्रायव्हर, म्हणजे आउटपुटला चालवणारे छोटे ट्रान्झिस्टरही जळलेत, त्यांच्या जागी टाकायला अजून शोधतोय. परवा काकांच्या पडवीत गेलो तर त्यांचा अकाईचा टेप-डेक जागेवर नाही. “न्हेल्यान रे,” काका म्हणाले, “तुझ्याकडे इल्लो तोच. हेड गेलाहा म्हणाता.”