कूलंट सेन्सर गेलाय म्हणतात: स्कॅनर घ्यावा की मल्टिमीटर?

सकाळी चार-चार सेल्फ मारावे लागतात, सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज पडलंय, इंजिन गार असतानाच रेडिएटरचा फॅन फिरतो. एवढं सांगितलं की मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं: टेंपरेचर सेन्सर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, म्हणजे कूलंटचं, तापमान मोजणारा) गेला, बदलून टाकू. माझ्या गाडीचा असाच बदलला आणि आठवड्यात तक्रार परत आली. म्हणून कळकळीने सांगतो, आधी तपासा.

ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या तपासणी सॉकेटला जोडायचं छोटं यंत्र) ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, काय दिसतंय ते दाखवतो. रात्रभर उभ्या गाडीत फक्त इग्निशन ऑन करा आणि मोबाइलवर कूलंटचं व आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. हवा २२ अंश आणि कूलंट ६० असेल तर गडबड आहे. स्कॅनर बिघाडाचे कोडही दाखवतो: पी०११८ कोड बहुधा तुटलेली तार किंवा सुटलेला कनेक्टर सांगतो, पी०११७ शॉर्ट. पी०१२८ आला तर आधी थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं कूलंट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) बघा, तो उघडाच अडकलेला असू शकतो. मला दोष स्कॅनरवरच सापडला. इंजिन चालू ठेवून कनेक्टर हलवला तर ८५ वरचा आकडा एकदम उणे ४० वर गेला. कनेक्टर काढून पाहिला, एका पिनेवर हिरवा गंज चढला होता. ईसीयूला इंजिन गोठलेलं वाटायचं आणि तो पेट्रोल जास्त सोडायचा.

मल्टिमीटर खुद्द सेन्सरला विचारतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) उतरतो: बऱ्याच गाड्यांत २० अंशाला दोन ते तीन किलोओहम, ८० अंशाला तीनशे ओहमच्या आसपास. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. सेन्सर गरम पाण्यात धरल्यावर आकडा सरकत उतरला पाहिजे, मध्येच उडी मारली तर सेन्सर खराब. गाडीकडून आलेल्या कनेक्टरवर पाच व्होल्ट येतात का, हेही मीटरच सांगतो. पण सेन्सर थर्मोस्टॅटजवळ अडचणीत असतो, काढताना कूलंट सांडतं, आणि इंजिन तापलेलं असताना तिथे हात घालायचाच नाही.

एकच घ्यायचं असेल तर स्कॅनर. काही गाड्यांत मात्र सेन्सर तुटला की ईसीयू स्वतःचा अंदाजी आकडा दाखवतो, तिथे मीटरशिवाय खात्री होत नाही. वायरिंगला हात लावायची सवय असेल तर दोन्ही ठेवा.

पिना काँटॅक्ट क्लीनरने साफ केल्यावर कोड पुसा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सेल्फ मारण्याआधी, तेच दोन आकडे पुन्हा वाचा.