आठशे रुपयांची दोन दिवसांची कार्यशाळा: पतसंस्था नव्हे भावांनो, मानवी हक्क

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. पहिल्या दिवसाला दोन, दुसऱ्या दिवसाला पाच, सरासरी तुम्हीच काढा.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, कोल्हापुरात कोर्टाच्या बाजूला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सीपीआर दवाखान्यासमोर हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून मान वर करायला सवड नाही. एक वकीलसाहेब नेहमीचे, त्यांनी पत्रक दिलं शंभर कॉपी काढायला. मथळा काय, तर 'लोकशाही व मानवी हक्कांसाठी सीमापार नागरी समाज सहकार्य'. आता कोल्हापुरात नागरी आणि सहकार हे दोन शब्द एका ओळीत दिसले की माणूस पहिला विचारतो, ठेवीला व्याज किती देताय. आमच्या मेव्हण्यानं खरंच विचारलं. साहेब हसले आणि म्हणाले, तूच ये की बघायला, आठशे रुपये फी, दोन वेळचं जेवण त्यातच. जेवणाचं ऐकून गेलो, खोटं कशाला बोलू.

संस्थेचं नाव आणि हॉलचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि माणसं मनानं चांगली आहेत.

पहिला दिवस. दहाचा कार्यक्रम सव्वाअकराला सुरू. दीपप्रज्वलन, शाल, बुके, मग प्रास्ताविक, मग प्रास्ताविकावर आभार. तीन वक्ते लागोपाठ, आणि प्रत्येकाच्या तोंडी 'वैश्विक परिप्रेक्ष्य'. पाहुण्यांपैकी दोघं इंग्रजीत बोलणार म्हणून हेडफोन भाड्यानं आणले होते, आम्ही साठ-पासष्ट माणसं आणि हेडफोन मोजून चाळीस, म्हणजे नवरा-बायकोनं एकेक कान वाटून घ्यायचा. भाषांतराला एकच पोरगं. बिचारं सकाळी झकास चाललं होतं पण असं कानात ऐकत तोंडानं बोलत राहायचं काम दोघांनी वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून करायचं असतं म्हणे, ह्याला दिवसभर एकट्याला बसवलेला. चार वाजेस्तोवर पाच वाक्यांतलं एक आमच्यापर्यंत पोचायला लागलं. 'सिव्हिल सोसायटी' (तोच तो नागरी समाज, म्हणजे सरकारबाहेर काम करणाऱ्या लोकांच्या संस्था) ह्याचं भाषांतरच करायचं सोडून दिलं त्यानं, तर सांगलीहून आलेल्या एक मावशी मला हळूच विचारतात, सिव्हिलमधल्या नर्सांची सोसायटी आहे का ही? सांगलीकरांना सिव्हिल म्हणजे सिव्हिल हॉस्पिटल, त्यात त्यांची काय चूक. आयोजकांनो, पैसे कुठंतरी वाचवायचे तर बुके वाचवा ओ, दुसरा भाषांतरकार आणा.

पहिल्या दिवसातलं डोक्यात राहिलं ते दोनच. एक, १९७५ ला हेलसिंकीत ३५ देशांनी करार केला, त्यात रशियानं मानवी हक्कांच्या कलमावर सही केली ती सीमा मान्य करून घ्यायच्या नादात, कुणाला वाटलं नव्हतं की कोण ते कलम काढून विचारेल. आणि पुढच्याच वर्षी मॉस्कोत काही माणसांनी गट काढला, तुमचीच सही आहे की ह्यावर म्हणून एकेक प्रकरण लिहून बाहेरच्या देशांत पाठवायला लागले, मग १९७७ ला चेकोस्लोव्हाकियात तसंच झालं. सरकारची सही सरकारलाच दाखवायची, हे आमच्या दुकानात रोज चालतं, फरक एवढाच की इथं तलाठ्याची असते. दुसरं म्हणजे हंसा मेहता. १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमात सगळे पुरुष जन्मतः समान अशा अर्थाचं इंग्रजी होतं, ते बदलून सगळी माणसं असं करायला लावलं ते ह्या बाईंनी. जगभर पाठ म्हणतात ते वाक्य आपल्या एका बाईनं दुरुस्त केलेलं, आणि मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळतंय.

बाकी एक खटकलंच. जिनिव्हा झालं, प्राग झालं, पण कोल्हापुरात बसून १९०२ चा शाहू महाराजांचा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम नाही, १९२० ची माणगाव परिषद नाही. माणगाव इथं रुकडीच्या पलीकडं आहे हो, गाडी काढली तर चहा गरम असेपर्यंत पोचाल. मी उठून बोललो तर 'छान मुद्दा' म्हणून पुढची स्लाइड.

घरी जाताना ठरवलं होतं उद्या येत नाही. बायको म्हणाली आठशे भरलेत, जावा गप.

आता दुसरा दिवस, आणि इथं विषय हार्ड.

सकाळचं सत्र मच्छीमार कैद्यांचं. एक मुंबईचे कार्यकर्ते समोर, आणि स्क्रीनवर कराचीच्या एक वकीलबाई. त्या येणार कशा, एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम झाल्यावर अटारीचं नाकं बंद, व्हिसे रद्द, त्यामुळं व्हिडिओवरच, आणि तो पण मधेच अडकायचा. पण काय बोलल्या बाई. उर्दूमिश्रित हिंदी, हेडफोन काढून ठेवले सगळ्यांनी, भाषांतराची गरजच नाही पडली.

गोष्ट अशी आहे. कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाच्या खाडीवरनं भारत-पाकिस्तानचा वाद, समुद्रात काय रेघ मारलेली नसते, मासे जिकडं तिकडं होडी, आणि दोन्हीकडचे जवान दोन्हीकडच्या खलाशांना उचलतात. त्यात आपल्या पालघर-डहाणूकडची आदिवासी पोरं असतात बरं का, गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेली. मला वाटायचं हा सगळा गुजरातचा प्रश्न. तर २१ मे २००८ ला दोन्ही देशांत एक करार झाला, त्यात तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या: दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोघांनी एकमेकांना कैद्यांची यादी द्यायची, पकडल्यापासून तीन महिन्यांत वकिलातीच्या माणसाला भेटू द्यायचं, आणि शिक्षा संपून नागरिकत्व पक्कं झालं की एका महिन्यात घरी सोडायचं. याद्या न चुकता देतात दोघं, तोफा चालू असोत नाहीतर क्रिकेट बंद असो. १ जुलै २०२५ च्या यादीत आपल्याकडं त्यांचे ३८२ साधे कैदी आणि ८१ मच्छीमार, त्यांच्याकडं आपले ५३ आणि १९३. यादी वेळेवर, माणूस मात्र शिक्षा संपून वर्षानुवर्षं आत. मधे २००७ ला दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती केली होती, ते जेलात जाऊन कैद्यांना भेटायचे, तिची शेवटची बैठक २०१३ ला झाली.

मग ह्या मंडळींचं काम काय, तर सरकारी दोन टेबलांच्या मधली जी फट आहे ना त्यात घुसून कागद पुढं सरकवायचा. कराचीच्या बाईंनी फळ्यावर एक नाव उर्दूत लिहून दाखवलं. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, म्हणजे जेलच्या कारकुनानं उर्दूत लिहिलं, त्याचं कुणी इंग्रजी केलं, त्याचं दिल्लीत कुणी हिंदी केलं, की डहाणूच्या पोराचं नाव त्याच्या आईला पण ओळखू येणार नाही असं होतं. मग गावाकडनं आधारकार्ड, मतदार यादीचा उतारा, बोटीचा नंबर, पकडल्याची तारीख असं सगळं गोळा करून तिकडं पाठवायचं, तिकडून बाई जेलातनं विचारून येणार हा तोच का. आम्हाला पाच-पाच जणांच्या गटात एका काल्पनिक खलाशाची अशी फाइल करायला लावली, अर्ज, वंशावळ, शिक्षा संपल्याची तारीख, कोणत्या कलमाचा आधार. भावा, हे तर माझं रोजचं काम! आमचा गट पहिला आला, आणि वकीलसाहेबांचा गट तिसरा, हे मुद्दाम लिहितोय, ते वाचतील.

जेलातनं सुटलेल्या आपल्या खलाशांना कराचीहून लाहोरपर्यंत आणायची सोय ईधी फाउंडेशन ही तिकडची सेवाभावी संस्था करत आलीय, पुढं वाघा. हे ऐकून हॉल जरा गप्प झाला.

आणि हे आजचं नाही. १९९४ ला दोन्हीकडच्या लोकांनी एक मंच काढला, पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम. त्यात आपले अलिबागला राहिलेले अ‍ॅडमिरल रामदास, ७१ च्या युद्धात आयएनएस बियास चालवून वीरचक्र मिळवलेला माणूस, नंतर नौदलप्रमुख, आणि निवृत्तीनंतर शांततेच्या कामात. २००४ ला त्यांना आणि पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांना मिळून मॅगसेसे मिळालं. आमच्यातला एकजण कुजबुजला, असल्या लोकांना देशद्रोही म्हणतात व्हॉट्सअ‍ॅपवर. शेजारचे माजी सैनिक मामा म्हणाले, ज्यानं वीरचक्र घेतलंय त्याला मी काय म्हणणार, तू म्हण. विषय तिथंच संपला.

जेवण. पहिल्या दिवशी पनीर, सोडून द्या. दुसऱ्या दिवशी तांबडा-पांढरा, आणि श्रीलंकेहून आलेल्या पाहुण्यांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि थांबले, म्हणाले हे तर आमच्या किरी होदीच्या घरचं. त्यांच्याकडं नारळाच्या दुधाचा असाच पातळ रस्सा असतो म्हणे, हळद घातलेला. तीन वाट्या मारल्या गड्यानं. तांबड्याची एकच वाटी, पण घाम न पुसता. ह्याच पाहुण्यांना आदल्या रात्री लॉज मिळेना, ते नंतर कळलं. परदेशी माणूस उतरवला की लॉजवाल्यानं चोवीस तासांत ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तो भरायची कटकट नको म्हणून एका लॉजनं रूम नाही म्हणून सांगितलं, रात्री साडेदहाला. आयोजकांनी हे आधी बघायला नको का? दुनियाभरची एकजूट करायला निघालात आणि पाहुणा बॅग घेऊन स्टँडवर.

दुपारचं सत्र त्यांचंच, निवडणूक बघायचं. फिलिपिन्समध्ये १९८६ ला हुकूमशहा मार्कोसच्या वेळी नामफ्रेल नावाच्या नागरिकांच्या गटानं बूथवरचेच निकाल गोळा करून आपली वेगळी मोजणी केली, आणि सरकारी मोजणीच्या कॉम्प्युटरवरच्या पोरी आकडे जुळत नाहीत म्हणून काम सोडून बाहेर पडल्या. तेच पुढं आशियाभर पसरलं, १९९७ ला बँकॉकला अ‍ॅन्फ्रेल म्हणून जाळं झालं, त्यात ह्या देशाचे लोक त्या देशाची निवडणूक बघायला जातात. हे पाहुणे स्वतः २०२४ च्या श्रीलंकेच्या निवडणुकीत मोजणीला उभे होते, तिथं पहिल्यांदाच दुसऱ्या पसंतीची मतं मोजायची वेळ आली. आपल्याकडं असं नागरिकांना ओळखपत्र देऊन आत सोडत नाहीत, आपले निरीक्षक म्हणजे आयोगाचे साहेब लोक. पण आपल्याकडं फॉर्म १७ सी आहे, बूथवर किती मतं पडली त्याचा कागद, तो पोलिंग एजंटला मागून घेता येतो. हॉलमधल्या किती जणांनी एजंट म्हणून काम केलंय विचारलं तर वीस हात वर, आणि १७ सी घरी नेलेला किती जणांनी, तर दोन. मी स्वतः दोन वेळा एजंट होतो. वडापाव नेला, कागद नाही नेला.

पैशाचा प्रश्न एका ताईंनी विचारला, बाहेरचा पैसा आहे का ह्यात, सरळच. बरं झालं विचारलं. आयोजकांनी पण सरळ सांगितलं, एक रुपया नाही. बाहेरून देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीचा कायदा, २०२० च्या दुरुस्तीनंतर खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत, ऑफिसखर्च वीस टक्क्यांच्या आत, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही म्हणजे नाही. पूर्वी मोठी संस्था घेऊन गावातल्या छोटीला द्यायची, ते बंद. म्हणून आठशे रुपये. मला हे पटलं, फक्त मग बुके... जाऊ दे.

सगळ्यात आवडलं ते शेवटचं अर्ध्या तासाचं. संयुक्त राष्ट्रात दर साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाची मानवी हक्कांची तपासणी होते, भारताची मागची नोव्हेंबर २०२२ ला झाली. त्यात कुठलीही संस्था आपलं म्हणणं पाठवू शकते, मोठी मान्यता लागत नाही, पण एकट्यानं पाठवलं तर २८१५ शब्द आणि अनेकांनी मिळून पाठवलं तर ५६३०. मला शब्दमर्यादेचं प्रेम आहे, आमच्याकडं पन्नास पानांचे अर्ज येतात ज्यात मागणी शेवटच्या ओळीत असते. गडहिंग्लजच्या एक आक्का उठल्या, देवदासींच्या कामातल्या, म्हणाल्या आमची सीमा निपाणीच्या अलीकडं आहे, सौंदत्ती तिकडं कर्नाटकात, आम्ही इकडं, कायदा त्यांचा १९८२ चा, आमचा २००५ चा, बायका त्याच, मग आम्ही दोघींनी मिळून पाठवलं तर ५६३० मिळतील न्हवं? मिळतील म्हणाले. दोन दिवसांतला सगळ्यात चांगला प्रश्न हा. आक्कांनी तिथंच नंबर घेतले सगळ्यांचे, माझा पण, टायपिंगसाठी.

किरकोळ तक्रारी: नोट्स सगळ्या इंग्रजीत, मराठी नंतर मेल करू म्हणाले, अजून आल्या नाहीत. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलंय, खलाशांच्या नावाचं सत्र घेणाऱ्यांकडनं हे अपेक्षित नव्हतं. झेरॉक्स माझ्याकडं न काढता दुसरीकडं काढल्या आणि पान सहावर शाईचे पट्टे.

पुढची बॅच सांगलीला आहे म्हणतात. जाणार असाल आणि रजा एकाच दिवसाची असेल तर दुसऱ्या दिवशी जावा, हेडफोन आपला आपण नेऊन उपयोग नाही, पिन वेगळी आहे. आणि टू-व्हीलर लांब लावा, हॉलच्या दारात लावली तर रिसेप्शनवाल्या मामांचा आवाज कुठल्याच भाषांतराशिवाय कळतो.