डीसीएसमधलं एफ-४ई फँटम: मागच्या सीटवरून पाहिलेलं रडार

मी व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर आहे. रात्रीच्या वॉचला रडारसमोर उभं राहून गेन (रडारची संवेदनशीलता), सी क्लटर आणि रेन क्लटर (लाटांचे आणि पावसाचे एको, म्हणजे परत येणाऱ्या लहरी, दाबणारी बटणं) जुळवत बसणं हे माझं रोजचं काम. म्हणून कुठलाही फ्लाइट सिम्युलेटर हाती आला की आधी त्यातलं रडार बघतो. बहुतेकांमध्ये काळ्या पडद्यावर स्वच्छ ठिपके असतात. विमान टप्प्यात आलं की ठिपका उगवतो, टप्प्याबाहेर गेलं की मावळतो. खऱ्या रडारवर अर्धा वेळ नको असलेले एको दूर सारण्यातच जातो, आणि नेमका तोच भाग या खेळांमधून गायब असतो.

डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरसाठी हीटब्लर कंपनीनं मे २०२४ मध्ये आणलेल्या एफ-४ई फँटममध्ये, म्हणजे पुढे वैमानिक आणि मागे रडार सांभाळणारा अशा दोन आसनांच्या अमेरिकी लढाऊ विमानात, तो भाग आहे, आणि भरपूर आहे.

आधी मूळ यंत्राबद्दल. एफ-४ईचं पहिलं उड्डाण १९६७ चं. या आवृत्तीत नाकाखाली २० मिलिमीटरची व्हल्कन तोफ बसवली, त्यामुळे रडारला जागा कमी उरली आणि वेस्टिंगहाउसचं आटोपशीर एपीक्यू-१२० तिथे आलं. हे साधं पल्स रडार. लहर पाठवायची, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, त्यावरून अंतर काढायचं. लक्ष्याच्या वेगानुसार एको वेगळा काढायची सोय त्यात नाही. अमेरिकी नौदलाच्या एफ-४जेवर ती सोय असलेलं पल्स-डॉप्लर रडार होतं, हवाई दलाच्या या ‘ई’वर नव्हतं. परिणाम असा, की खाली जमिनीलगत उडणारं विमान आणि त्यामागची टेकडी एकाच अंतरावर असली तर रडारला दोन्ही सारखीच.

हे सगळं पडद्यावर उतरलंय. जॉर्जियातल्या बटुमीहून उड्डाण करून कॉकेशसच्या डोंगरांकडे नाक वळवा आणि अँटेना थोडी खाली झुकवा. पडदा हिरव्या गिचमिडीनं भरतो. तीच अँटेना क्षितिजाच्या वर उचला, पडदा निवळतो. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी तुमचं लक्ष्य असतं आणि ते हातानं शोधावं लागतं. १० सागरी मैलांवर १ अंश म्हणजे साधारण १,००० फूट. हा हिशेब डोक्यात ठेवून अँटेनाचं चाक फिरवायचं. आमच्या जहाजी रडारचा झोत उभ्या दिशेला रुंद असतो, त्यामुळे उंचीचा प्रश्नच येत नाही. इथे झोत निमुळता आहे आणि उंची चुकली तर समोर काहीच दिसत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडली ती उंचीची रेषा. अँटेना पुढे बघत असली तरी थोडी ऊर्जा बाजूनं गळून सरळ खाली जाते आणि जमिनीवरून परत येते. विमान २०,००० फुटांवर असेल तर ही रेषा सव्वातीन मैलांच्या आसपास उमटते. आमच्या गोल पडद्यावर समान अंतर म्हणजे वर्तुळ. फँटमच्या पडद्यावर आडवी बाजू कोनाची, उभी बाजू अंतराची, म्हणून तिथे ती सरळ आडवी रेघ होते. विमान खाली उतरवा, रेघही खाली सरकते. लक्ष्य या रेघेत शिरलं की लॉक, म्हणजे एकाच लक्ष्यावर खिळलेली रडारची नजर, त्याला सोडून रेघेवरच जाऊन बसू शकतो. हे बघून मला मनापासून आनंद झाला. कारण इथे कुणीतरी लहरीचा मागोवा शेवटपर्यंत घेतलाय.

गेनचं बटण तर ओळखीचंच निघालं. नारळी पौर्णिमेनंतर रत्नागिरीसमोरून जाताना समुद्र मच्छिमार होड्यांनी भरलेला असतो. लाकडी होडीचा एको क्षीण. क्लटर जास्त दाबला तर लाटांबरोबर होडीही पुसली जाते. फँटममध्येही गेन वाढवला की दूरचं विमान दिसू लागतं पण सोबत गोंगाट येतो, कमी केला की दोन्ही जातात. परवा भाचा पुढच्या सीटवर होता, मी मागे. तो सारखा विचारत होता, “मामा, दिसला का?” मी म्हटलं, “थांब रे, गेन बसू दे.” ठिपका एका फेरीत दिसायचा, पुढच्या फेरीत नाही. तिसऱ्यांदा त्याच जागेजवळ उमटला तेव्हा मी हँड कंट्रोलचा ट्रिगर पूर्ण दाबला. लॉक मिळाल्यावरही स्पॅरो क्षेपणास्त्र सोडायला चारेक सेकंद थांबावं लागतं, संगणक आणि क्षेपणास्त्र जुळेपर्यंत. भाच्याला ती चार सेकंदं फार जड गेली.

जमिनीचं चित्र दाखवणाऱ्या मॅप मोडवर मी निवांत वेळ घालवला. किनारा ठळक, बंदराचा भाग उजळ, डोंगरामागे रडारची सावली. नकाशा बाजूला ठेवून किनारा ओळखता येतो, वॉचवर करतो तसा.

तक्रार एकच, आणि ती रडारबद्दल नाही. एकट्यानं खेळताना मागे जेस्टर नावाचा संगणकी सहकारी बसतो. तो गेन, अँटेना, शोध सगळं स्वतः सांभाळतो आणि चांगलं सांभाळतो. त्यामुळे पुढे बसणाऱ्याला यातलं फारसं काही कळतच नाही. फँटमचं मॉड्यूल (सिम्युलेटरला जोडायचं हे विमान) घेतलंत तर निदान काही उड्डाणं माणसाला पुढे बसवून स्वतः मागे बसा. इतकी मेहनत मागच्या त्या छोट्या पडद्यावर घेतली आहे, ती न बघता राहू नये.

डीसीएसचा गाभा आणि कॉकेशसचा नकाशा फुकट आहेत, फँटम विकत घ्यावं लागतं. संगणकाला ३२ जीबी रॅम असलेली बरी. शक्य असेल तर गेनसाठी खरं फिरणारं बटण जोडा, माउसच्या चाकानं हाताला अंदाज येत नाही. आणि पहिला सराव समुद्रावर, लक्ष्य आपल्यापेक्षा उंच ठेवून करा. डोंगरावर खाली बघून शोधणं त्यानंतर.