दहा बोटांचे ठसे, चाळीस पानांचा अहवाल आणि नवऱ्याच्या नावावरचं कर्ज

दहावीची परीक्षा संपली की आमच्या नाशिकमध्ये हापूसच्या आधी करिअर काउन्सेलरांचे फलक लागतात. फोनवर ‘जवळचे करिअर काउन्सेलर’ असं शोधा, पाच-सात नावं लगेच समोर येतात. त्यातला मानसशास्त्र शिकलेला कोण आणि कालपर्यंत विमा विकत होता तो कोण, हे काही त्यावरून कळत नाही. हा बोर्ड लावायला आपल्याकडे कुठला परवाना दाखवावा लागत नाही, त्यामुळे दोघंही एकाच रांगेत दिसतात.

दहावी झालेल्या लेकीला घेऊन आम्ही गेलो त्या ठिकाणाला ४.९ तारे होते. अभिप्राय भरपूर, आणि बहुतेक एकाच पठडीतले: ‘माझ्या मुलाची हिडन टॅलेंट कळली, सर खूप छान समजावतात.’ ते नंतर नीट वाचले तेव्हा दिसलं की त्यातले निम्मेअधिक एकाच आठवड्यात आलेले आहेत, आणि लिहिणाऱ्यांनी आयुष्यात दुसऱ्या कशावरही अभिप्राय दिलेला नाही. किराणा दुकानाला शिव्या घालणारा एक तरी माणूस असतोच की. इथे एकही नाही.

तिथे झाली ती डीएमआयटी. पूर्ण नाव डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट, म्हणजे बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता ओळखण्याचा दावा करणारी चाचणी. हे नाव लक्षात ठेवा, कारण फलकावर ते बहुधा नसतं. तिथे ‘सायंटिफिक ब्रेन मॅपिंग’, ‘जन्मजात क्षमता चाचणी’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं. केबिनमध्ये मेंदूचं प्लॅस्टिकचं मॉडेल, भिंतीवर सोनेरी चौकटीतली प्रमाणपत्रं आणि टेबलावर ठसे घ्यायचं छोटं यंत्र, बँकेत असतं तसलं. माझ्या लेकीच्या प्रत्येक बोटाचे तीन ठसे घेतले: डावी कड, मधला भाग, उजवी कड. एकूण तीस. मग तळहात स्कॅन केले. काउन्सेलर म्हणाला, ‘‘मॅडम, मार्क खोटं बोलतात, बोटं बोलत नाहीत.’’ पेन नाही, प्रश्नपत्रिका नाही. तुला काय आवडतं, हा एक प्रश्नही पोरीला कुणी विचारला नाही. मला हे तिथेच खटकलं आणि मी विचारलंही. उत्तर आलं, ‘‘हीच तर खासियत आहे, मुलांना अभ्यास करून यावं लागत नाही.’’ साडेसहा हजार रुपये.

चार दिवसांनी अहवाल आला. गुळगुळीत कागद, चाळीसेक पानं, रंगीत आलेख. पोरगी ‘घुबड’ प्रकारातली निघाली (गरुड, मोर आणि कबूतर हे बाकीचे पर्याय). डावा मेंदू अमुक टक्के, उजवा तमुक टक्के. आणि मग ते पान, ज्यावर सगळा धंदा उभा आहे. आठ प्रकारच्या बुद्धिमत्ता आणि प्रत्येकीपुढे टक्के. ‘लॉजिकल’पुढे १०.४.

आता जरा थांबून हिशेब करा. शंभर टक्के आठ जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी साडेबारा येतात. म्हणजे अगदी सगळ्यात प्रगल्भ मुलाच्या अहवालातही बहुतेक आकडे दहा ते पंधराच्या घरातच असणार आणि त्यातला एक सगळ्यात खाली असणारच. पण दहा वर्षं शंभरपैकी मार्क मोजत आलेल्या मुलीला १०.४ म्हणजे काय दिसतं? नापास. आईबापांनाही तेच दिसतं. काउन्सेलर तो आकडा पेनाने गोल करतो, गप्प बसतो आणि तुम्ही घाबरायची वाट बघतो. माझी लेक सायन्सला जायचं म्हणून आठवीपासून ठरवून बसलेली. गणितात तिला कायम ऐंशीच्या वर. ती त्या गोलाकडे बघत राहिली आणि तिने एकदाही मान वर केली नाही.

बोटांवरच्या रेषांचा अभ्यास हे खरं शास्त्र आहे, आणि गोंधळ तिथेच होतो. डर्मॅटोग्लिफिक्स हा शब्द हॅरल्ड कमिन्स या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने १९२६ साली घडवला. या रेषा आईच्या पोटातच, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उमटू लागतात, आणि डाउन सिंड्रोमसारख्या काही जनुकीय स्थितींत त्यांची ठेवण वेगळी असते. इथपर्यंत सगळं पुस्तकात आहे. बहुविध बुद्धिमत्तेची, म्हणजे बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते ही, कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली मांडली, तीही सर्वांना माहीत आहे. डीएमआयटीवाले या दोन गोष्टी शेजारी ठेवतात आणि मधला पूल आहे असं गृहीत धरून चालायला लागतात. पूल नाहीच. गार्डनर यांनी स्वतः या चाचण्यांशी आपला संबंध नाकारला आहे. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने, २०१९ मध्ये जाहीर केलं की या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. रस्त्यावरचा ज्योतिषी निदान पोपट तरी घेऊन बसतो. इथे पोपटाच्या जागी लॅपटॉप.

चाचणी हे फक्त गळाला लावलेलं आमिष. साडेसहा हजारांत त्यांचं कार्यालयाचं भाडंही निघत नसेल. पैसा पुढे आहे. ‘लॉजिकल’ कमी आहे ना, मग ‘लॉजिकल’ वाढवायचा कोर्स आहे. सहा महिने, आठवड्याला दोन तास, बेचाळीस हजार. आज ठरवलंत तर अडतीस. आणि रोख नको, हप्ते आहेत, ‘‘शून्य टक्के व्याज, सर.’’ माझ्या नवऱ्याच्या हातात टॅब दिला. पॅन, आधार, एक सेल्फी, दोन ओटीपी. हे सगळं ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून. घरी पोहोचेपर्यंत मेसेज आला: आपले कर्ज मंजूर झाले आहे. कोर्सवाल्याला पूर्ण रक्कम त्याच दिवशी मिळाली आणि आम्ही एका वित्त कंपनीचे कर्जदार झालो. म्हणून नंतर पैसे परत मागायला गेलं की हे लोक इतके निवांत असतात. त्यांचं मिळालेलं आहे, भांडण तुमचं आणि वित्त कंपनीचं.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त लागला. पोरीची झोप उडाली. रात्री दोन-दोन वाजता गॅलरीत उभी. जेवण अर्धं. आम्ही कोर्सच्या ठिकाणी हे सांगितलं तर त्यांनी हात जोडून स्वागतच केलं: ‘‘आमच्याकडे थेरपीही होते.’’ एका सत्राचे दोन हजार. समोर बसलेल्या बाईंच्या नावाआधी ‘डॉ.’ होतं. मी विचारलं, कशातली डॉक्टरेट? मानद, म्हणाल्या. सायकॉलॉजीतलं शिक्षण? ऑनलाइन डिप्लोमा, शनिवार-रविवारचा. पहिल्या सत्रात त्यांनी पोरीला डोळे मिटायला सांगून ‘मी जीनियस आहे’ हे वाक्य म्हणायला लावलं. दुसऱ्या सत्राला आम्ही गेलो नाही.

डोळे उघडले ते शेजारच्या वहिनींमुळे. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी तिथेच गेला होता आणि तो अहवाल त्यांच्या कपाटात पडून होता. दोन्ही अहवाल जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आलेख वेगळे, पक्षी वेगळा, पण ‘पालकांसाठी सूचना’ हे पान शब्दन् शब्द तेच. माझ्या मुलीच्या अहवालात लिहिलं होतं, ‘त्याला एकाच जागी फार वेळ बसवू नका.’ त्याला! वहिनींच्या मुलाचंही ‘लॉजिकल’ कमी होतं, त्यांनाही तोच कोर्स. तो पोरगा सध्या डिप्लोमाला मेकॅनिकलला आहे आणि बरा चाललाय.

आता ज्यांना खरंच कुणाकडे जायचं आहे त्यांच्यासाठी. कल बघणारी खरी चाचणी असते, तिला अभियोग्यता चाचणी म्हणतात. मूल कागद-पेन किंवा संगणक घेऊन बसतं, दोन-तीन तास तरी लागतात, सोबत आवडीची आणि स्वभावाची प्रश्नावली असते, आणि मग कुणीतरी मुलाशी बसून बोलतं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) अशा संस्था हे काम कित्येक वर्षं करत आहेत. कुठेही गेलात तरी चाचणीचं नाव विचारा आणि तिची प्रमाणकं, म्हणजे गुणांची तुलना ज्यांच्याशी करतात ते आकडे, भारतीय मुलांवर काढलीत का, ते विचारा. जाणकार माणूस या प्रश्नाने खूश होतो. बाकीचे ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ म्हणतात.

मुलाला किंवा तुम्हाला मनाचा त्रास असेल तर मात्र ‘काउन्सेलर’ या शब्दावर जाऊ नका. औषध देऊ शकतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर. त्याची नोंद वैद्यकीय परिषदेत असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. त्याला सीआरआर हा नोंदणी क्रमांक असतो आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक मागितल्यावर रागावणाऱ्याकडे पुन्हा जायचं कारण नाही. एमए झालेले चांगले समुपदेशकही असतात, त्यांच्याकडे हा क्रमांक नसेल, पण पदवी कुठली आणि कुणाच्या देखरेखीखाली काम करतात हे ते सरळ सांगतात. आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचंच असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आमची लेक तिथेच पहिल्यांदा मोकळं बोलली. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे गेलो. महिन्याभरात ती रात्री झोपायला लागली.

पैशांचं असं झालं. कर्ज डिजिटल असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सुरुवातीला ‘कूलिंग-ऑफ’ मुदत द्यावीच लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत किती, ते कर्जाबरोबर येणाऱ्या मुख्य तथ्य विवरणात (की फॅक्ट स्टेटमेंट) लिहिलेलं असतं. ते ईमेलवर येतं आणि कुणी उघडत नाही. आमची मुदत टळून गेली होती. हप्ते थांबवले नाहीत, कारण सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा गुणांक, नवऱ्याचं बिघडलं असतं. वित्त कंपनीला लेखी तक्रार केली. तीस दिवसांत उत्तर नाही मिळालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, हेही त्याच पत्रात लिहिलं. दुसरीकडे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. कोर्सवाल्याला साधी नोटीस पाठवली: चाचणीला शास्त्रीय आधार नसताना ‘सायंटिफिक’ म्हणून विकली, कर्जाला ‘रजिस्ट्रेशन’ म्हटलं, न झालेल्या तासांचे पैसे परत करा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही, वकील नसला तरी चालतो, आणि प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. नोटिशीनंतर आठवड्याभरात फोन आला, आवाज एकदम मऊ. अठ्ठावीस हजार परत आले. बाकीच्यासाठी ‘मटेरियल चार्जेस’ लावलेत. त्यासाठी आयोगाकडे अर्ज टाकलाय, तारीख लागायची आहे.

एक गोष्ट पैशांहून मोठी आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. त्या लॅपटॉपमध्ये आमच्या मुलीच्या दहाही बोटांचे ठसे अजून आहेत. ठशांवरून आधारमार्फत बँकेतून पैसे काढण्याचे घोटाळे देशभर झाले आहेत. ठसे पुसून टाकल्याचं लेखी द्या म्हणून दोनदा मागितलं, अजून मिळालेलं नाही. तोवर आधारच्या ॲपवरून घरातल्या सगळ्यांचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलंय. तुमच्याही मुलांचे ठसे अशा कुठल्या केबिनमध्ये घेतले गेले असतील तर आज रात्रीच करून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. लागेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं.