शेडचा स्लॅब, फुटाचा रेट आणि मधे तीन इंच

शेड, गॅरेज, गोठा, काहीही असो, खालचं काँक्रीट फुटाच्या (म्हणजे चौरस फुटाच्या) रेटने देणार असाल तर हे वाचा. फुटाचा रेट म्हटला की आपण लांबी रुंदी टेप लावून मोजतो आणि जाडी मात्र ठेकेदाराच्या हातात जाते, आणि जाडी एकदा काँक्रीट ओतलं की कोणाला दिसत नाही. माझ्याकडून जे पैसे गेले ते बहुतेक त्या न दिसणाऱ्या दोन इंचातच गेले.

आमच्याकडे सांगली भागात काळी माती. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगते. त्यामुळे घरामागं ट्रॅक्टर आणि गाडीसाठी २० बाय ३० चं पत्र्याचं शेड करायचं ठरलं तेव्हाच ठरवलं होतं की माती दीड फूट काढायची, मुरूम भरून दाबायचा, वर ५ इंच काँक्रीट आणि त्यात ८ एमएमची जाळी. तीन जणांकडून रेट घेतले, एकाने १५५ सांगितला, एकाने १६०, आणि तिसरा म्हणाला ११८ रुपये फूट, सगळं धरून, माती काढण्यापासून पाणी मारेपर्यंत तुम्ही बघायचंच नाही. म्हणजे ७०,८०० रुपयात काम. माणूस गोड, आमच्या आबांच्या पाया पडला, पलीकडच्या गावात केलेलं काम दाखवलं (ते खरंच चांगलं होतं, पण ते त्याचंच होतं का ते देव जाणे).

त्यालाच काम दिलं. त्याने कागद पण दिला. कागदावर एकच ओळ, "२० बाय ३० शेड, ५ इंची आरसीसी, मुरूम भरणीसह, ११८ रु. फूट". मुरूम किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), लोखंड किती अंतरावर, काँक्रीट किती मजबुतीचं, एम २० का एम १५, काही नाही.

आता हिशोब बघा, हा कोणीही मोबाईलवर करू शकतो. ६०० फूट गुणिले ५ इंच म्हणजे २५० घनफूट, अडीच ब्रास, म्हणजे साधारण ७ घनमीटर. एम २० म्हणजे १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) ला एका घनमीटरला ८ च्या आसपास पोती सिमेंट लागतं, म्हणजे ५६-५७ पोती. ३५० रुपयांनी धरलं तरी २० हजार नुसतं सिमेंट. ८ एमएमची सळई मीटरला ०.३९५ किलो भरते (व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे सूत्र पाठच करून ठेवा), ८ इंचावर दोन्ही बाजूंनी बांधली तर सव्वादोनशे किलो, ६० रुपयांनी साडेतेरा हजार. क्रश सँड एक ब्रास, खडी दोन ब्रास, ते दहा-अकरा हजार. दीड फूट दाबलेला मुरूम म्हणजे ९ ब्रास, सुटा मुरूम दाबल्यावर बसतो म्हणून आणायला लागतो अकराच्या पुढं, तो २०-२२ हजार. हे आमच्याकडचे तेव्हाचे दर, तुमच्याकडे वेगळे असतील. एवढ्यातच पासष्ट हजारांच्या आसपास होतात, आणि अजून जेसीबी, मिक्सर, गवंडी, लेबर आणि त्याचा स्वतःचा नफा राहिलाच. म्हणजे ७०,८०० मधे ते काम होऊच शकत नव्हतं. १५५ वाला महाग नव्हता, तो खरं सांगत होता.

काम सुरू झाल्यावर निम्मे पैसे घेतले आणि मग रोज एक नवीन नड. काळी माती खोल लागली, मुरूम जादा लागतोय. ट्रॉल्या आल्या, प्रत्येक ट्रॉली एक ब्रास म्हणून लावली. नंतर तीच ट्रॉली मापली तर आतून ९ फूट बाय साडेपाच, फाळका दीड फूट, म्हणजे ७४ घनफूट. ब्रास १०० घनफुटाचा असतो. सहा ट्रॉल्यांचे जादा पैसे घेतले, त्यात दीड ब्रास नुसती हवा. मग लेव्हलिंगचे वेगळे, व्हायब्रेटरचं भाडं वेगळं, असं करत करत आकडा ९२ हजारांच्या आसपास गेला, आणि अर्ध्यात काम असल्यावर माणूस नाही म्हणत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहिती असतं.

खरी कलाकारी स्लॅब ओतायच्या दिवशी झाली. कडेनं फळ्या ठोकल्या होत्या त्या बरोबर ५ इंचाच्या, आबांनी स्वतः टेप लावून बघितलं आणि समाधानानं खुर्चीवर जाऊन बसले. पण मुरूम मधे फुगवटा ठेवून पसरला होता. रोलर आलाच नाही, ट्रॅक्टर दोनदा फिरवला आणि झालं. वीस फुटात दोन इंचाचा फुगवटा डोळ्याला दिसत नाही हो, समोरासमोरच्या फळ्यांवर दोरी ताणून खाली टेप सोडला तरच कळतं. हा एक प्रकार एवढा पसरलाय की नंतर ज्याला सांगावं तो म्हणतो आमच्याकडे पण असंच झालेलं. कडा बघून लोक पैसे देतात.

सिमेंटची मोकळी पोती ढीग करून मोजून दाखवली, ५८. मला तेव्हाच दोन वेगळ्या कंपन्यांची पोती दिसली होती, विचारलं तर म्हणाला दुकानात स्टॉक संपला. पोत्यावर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी भरलं ते छापलेलं असतं. ढिगातली काही पोती कित्येक महिने जुनी निघाली, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी साईटवरून आणून टाकलेली. मोकळी पोती मोजण्यात अर्थ नाही, भरलेली उतरताना मोजा आणि मिक्सरजवळ घरचा एक माणूस उभा करा जो फोडलेल्या प्रत्येक पोत्याला वहीत रेघ मारेल.

जाळीचं तर नंतर फोटोवरून कळलं. भाच्याने सहज फोटो काढले होते, त्यात एका चौकटीत गवंड्याची अख्खी चप्पल आरामात बसलीय. ८ इंचाच्या चौकटीत मोठ्या माणसाची चप्पल बसत नाही, ते अंतर फूटभर होतं. म्हणजे सव्वादोनशे किलोच्या जागी दीडशे किलो लोखंड. खाली एक पण कव्हर ब्लॉक (जाळी उचलून धरणारा छोटा ठोकळा) नाही, जाळी मुरुमावर आडवी पडलेली, तिचा उपयोग शून्य. आणि माल पसरायला सोपा जावा म्हणून मिक्सरमधे पाइप सोडून पाणी, नुसतं सूप केलं होतं. तीन दिवस पाणी मारा बास म्हणाला. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला निदान दहा दिवस ओलं ठेवावं लागतं, ते मी बांध घालून ठेवलं म्हणून वरचा थर तरी जरा टिकला, नाहीतर झाडलं की धूळ निघतेच अजून.

उघडकीला आलं ते कडबा कुट्टीच्या मशीनमुळं. फाउंडेशन बोल्टसाठी चार इंच भोक पाडायचं होतं, ड्रिलवाला म्हणाला दादा तीन इंचातच मुरूम यायला लागला. मला वाटलं एखादी जागा असेल, दुसरीकडं पाडलं, तेच. मधल्या भागात सगळीकडे तीन-सव्वातीन. सरासरी साडेतीन धरली तर अडीच ब्रासच्या जागी पावणेदोन ब्रास माल पडला, सतरा पोती सिमेंट गायब. त्याच पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाखाली आडवी चीर गेली. वरून कटरनं जॉइंट (चीर ठरल्या जागी जावी म्हणून पाडलेल्या खाचा) पण मारलेले नव्हते, ५ इंचाला दहा-बारा फुटांवर मारायला हवेत.

फोन केला तर आधी "येतो", मग "काळ्या मातीत असं होतंच", मग फोन उचलणं बंद. एक आहे, निम्मे पैसे गुगल पेने दिले होते आणि तो एका ओळीचा कागद, त्यावर ५ इंच लिहिलेलं, हे दोन्ही आता कामाला आलं. ठेकेदाराचं काम ही सेवा धरतात, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून नीट माहिती मिळाली. रोख दिलेल्या पैशाचं मात्र काय सिद्ध करणार, म्हणून रोख देऊच नका. सिव्हिल इंजिनिअरला बोलवून तीन ठिकाणी कोअर (काँक्रीटचा गोल तुकडा) काढून लेखी रिपोर्ट घेतलाय, नोटीस गेलीय, उत्तर नाही. वर दोन इंचाचा थर मारून घ्या असं बरेच जण सांगतात, इंजिनिअर म्हणाला खालचा मुरूमच बसलेला नसताना पातळ थर परत फुटणार, पैसे घालवू नका.

आता गोठ्याचं काँक्रीट करायचंय. यावेळी रेट फुटावर घेतलाच नाही, घनमीटरवर घेतला, मुरूम वेगळा, ट्रॉली आतून मापून. आरएमसी (प्लांटवरून गाडीतून येणारं तयार काँक्रीट) परवडेल का तेही बघितलं, पण मोठी गाडी ६ घनमीटरची, आपलं काम छोटं. घेणार असाल तर गाडी भरून आणि रिकामी अशी काट्यावर करा, घनमीटरला २४०० किलोच्या आसपास भरायला पाहिजे. कागदावर लिहिलंय की ओतायच्या आधी दोरी लावून नऊ ठिकाणी खोली मोजायची आणि फोटो काढायचे, सळईचं वजन काट्यावर, आणि १५ टक्के पैसे भोक पाडून जाडी बघितल्यावर. नवीन ठेकेदार बाकी सगळ्याला हो म्हणाला, भोकावर अडला, म्हणे माझ्या कामाला भोक पाडणार का. मी म्हटलं एकच पाडू, जागा मी दाखवणार. अर्धा तास घासाघीस करून १५ चे १० टक्के झाले, पण भोक कागदावर राहिलं.