सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी: ताडोब्याच्या जिप्सीत कितपत चालते?

कॅनन-निकॉनच्या डीएसएलआरसाठी ६०० मिमीपर्यंत पोचवणारी, वजनाने साधारण १.९ किलोची ही लेन्स जिप्सीत बीनबॅगवर (दाण्यांनी भरलेल्या आधाराच्या पिशवीवर) छान बसते. ट्रायपॉड नेऊच नका, अडचणच होते.

खरी मर्यादा प्रकाशाची. ६०० मिमीला अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, जास्तीत जास्त एफ ६.३ इतकंच उघडतं. पहाटेच्या पहिल्या अर्ध्या तासात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२००च्या वर न्यावाच लागतो आणि ऑटोफोकस चाचपडतो. फोकस लिमिटर (फोकस कोणत्या अंतरात शोधायचा ते ठरवणारं लेन्सवरचं बटण) १० मीटर ते अनंत ठेवला की बराच फरक पडतो. मात्र वाघ जिप्सीजवळ आला तर लिमिटर आधी 'फुल'वर (सगळी अंतरं) आणा, नाहीतर फोकस लागणारच नाही. ६०० मिमीला एफ ८ वर तपशील जास्त खुलतो.

फोटो सतत मऊ (थोडे धूसर) येत असतील तर लेन्सला लगेच दोष देऊ नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) धारदार आणि व्ह्यूफाइंडरमधून मऊ, म्हणजे फोकस मागे-पुढे पडतोय. यूएसबी डॉकवर (लेन्स संगणकाला जोडायच्या सिग्माच्या उपकरणावर) चार फोकल लेंग्थ आणि चार अंतरं मिळून १६ ठिकाणी तो दुरुस्त करता येतो. कंटाळवाणं काम, पण कराच. मे महिन्यात दुपारी तापलेल्या हवेमुळे दूरचा प्राणी मऊच दिसणार, त्यावर डॉकचा उपाय नाही.

लेन्स खाली झुकवून नेताना झूम लॉक लावा, नळी आपोआप बाहेर सरकते.